लोकल पार्ट

कोल्हापूरहून पार्सल आलं रात्रवस्तीच्या एस्टीने.
कंडक्टरने ते माझ्याकडे देताना हलवून पाहिलं,
काहीच वाजलं नाही म्हणून थोडा नाराज झाला.
आत अर्ध्या फूटपट्टीएवढी हिरवी पट्टी,
तिच्या एका कडेला सोनेरी दात.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता,
आमचीच घाला, दुसरी घातलीत तर आम्ही जबाबदार नाही.
त्यांच्या पट्टीचा भाव ऐकून
सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनने
कॅल्क्युलेटर पालथा ठेवला
आणि मला बोलावलं.

पास्कू लोबो, क्लार्क,
डिझेल परताव्याचा तक्ता उघडतो नि चहाला जातो.
परत येतो तेव्हा एकशे चाळीस होड्यांपैकी
त्रेसष्ट आलेल्या असतात,
बाकीच्या अजून खाडीच्या तोंडाशी.

मी झाकण काढलं.
स्क्रूच्या डोक्यावरची फुली खाऱ्या वाऱ्याने पुसलेली,
पकडीनेच फिरवावे लागले.
आत पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि पंख्याच्या पात्याला चिकटलेलं एक खवलं.
ते इथवर कसं पोचलं
पास्कू शपथेवर सांगतो, त्याला ठाऊक नाही.

धाकू कुबल परताव्याची चौकशी करायला आलेले,
ते खुर्ची ओढून बसले.
"ह्यां कंपनीचां नाय?"
नाय.
"मगे चलात?"
तुमच्या इंजिनातलं पंपाचं रबर कुणाचं?
"कुडाळच्या बाजारातला."
चलता?
ते मिशीतल्या मिशीत हसले. "तेरा वर्सां."

पास्कूने विचारलं, मेमरी म्हणजे आठवणच ना गो?
म्हटलं, आठवण त्या बाजूच्या डब्यात.
हा ओटा.
बर्फात मासळी कितीही असू दे,
ओटा वीतभर असला
की एक बांगडा काढा, कापा, ठेवून या,
मग दुसरा.
आपण फक्त ओटा वाढवतोय.

खिडकीच्या गजाला हात टेकवला, अंगातली वीज गेली असेल ती गेली.
जुनीच्या शेजारी नवी बसवली, अंगठ्यांनी दाबली,
दोन्ही कानांनी टक केलं.
बटण.
तीन लांब शिट्ट्या. पडदा काळा.
धाकू कुबल काही बोलले नाहीत,
तेच जास्त ऐकू आलं.

पास्कूच्या मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागितलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं, एका कोपऱ्यात चावलेलं.
नवीचे दात घासले, मग जुनीचे.
नवीचे स्वच्छच होते.
जुनीवरून निघाली काळी हिरवट मळी,
सहा वर्षं ह्या खोलीत श्वास घेतल्याची.
कंपनीचीच होती ती.
पुन्हा टक, पुन्हा टक.
एक आखूड शिट्टी.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, मग सांगितली:
नवी जरा चपळ आहे, जुनी संथ.
दोघी शेजारी बसल्या की संथ जिचा वेग
त्याच वेगाने दोघी चालणार.
धाकू कुबल म्हणाले, तां म्हायत आसा.
चार वल्ह्यांत एक म्हातारो असलो
तर होडी म्हाताऱ्याच्याच तालार जाता.
पण जाता.

तक्ता उघडला. पास्कू चहाला निघाला होता,
दारातूनच वळला.
एकशे चाळीसही नावं एकदम,
कुबलांचं एकशे अकरावं,
परतावा अजून मंजूर नाही.
हे मात्र माझ्या हातात नव्हतं.

पावतीवर लिहिलं: मेमरी, आठ जीबी, लोकल.
गॅरंटीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
कोल्हापूरवाला फोन उचलेल पुढचं वर्षभर, फार तर.
मी माझा नंबर लिहिला.

बाहेर पडते तोच लाइट गेली.
आतून पास्कूचा आवाज,
"गो, सेव्ह करूक ऱ्हवला!"
ओटा असाच असतो, पास्कू.
लाइट गेली की धुतलेला.