हाळी

आजोबांनी मला शिकवलं :
दोन्ही तळवे तोंडाशी, हनुवटी वर,
आवाज घशातून नाही, पोटातून काढायचा,
आणि शेवटी तो मोडू द्यायचा
वाळल्या फांदीसारखा.

एव्हेन्सिओ त्यांचं नाव. सानाब्रियाच्या डोंगरात
इतकी हुबेहूब हाळी दुसऱ्या कुणाला जमायची नाही.
बिळातली पिल्लं फसायची, उत्तर द्यायची,
मग पोतं घेऊन आजोबा निघायचे.

मेलेली लांडगी गाढवावर आडवी टाकून
दारोदार फिरायचे म्हणे.
कुणी सहा अंडी द्यायचं, कुणी डुकराच्या चरबीचा तुकडा,
पाद्रीबाबा एक नाणं.
आजीची लग्नातली काळी शाल
त्या अंड्यांच्या पैशातली.
कुणी त्यांना क्रूर म्हटलं नाही.
ज्या घरातून एका रात्रीत अकरा मेंढ्या जायच्या
तिथे तो शब्द सुचलाच नसता.

मग एका हिवाळ्यात त्यांनी हाळी दिली
आणि डोंगर गप्प.
पुढच्या हिवाळ्यातही.
गावानं जेवण घातलं, चर्चची घंटा वाजवली.
आजोबा मात्र रात्री उठायचे,
लघवीला जातो म्हणून,
आणि आम्हाला भिंतीआडून ऐकू यायचं :
एकदा. थांबून, पुन्हा एकदा.
"काय ऐकत होतात?" आजी विचारायची.
"काही नाही," ते म्हणायचे.
ते खरंच होतं.

आता मी सरकारची रोजंदार.
ऑगस्टात, रात्री, ठरलेल्या चौदा ठिकाणी
तळवे तोंडाशी धरते.
उत्तर आलं तर वहीत आकडा : मोठे किती, पिल्लं किती.
शहरातली मुलं दुर्बिणी घेऊन येतात,
जुन्या दगडी सापळ्याच्या खड्ड्यात डोकावतात
आणि हळहळतात.
त्यांची हळहळ खरी आहे.
त्यांच्याकडे मेंढ्या नाहीत.

माझ्या भावाकडे आहेत.
परवा चार गेल्या. भरपाईचा फॉर्म
माझ्यासमोर टाकून म्हणाला,
"तूच बोलावतेस ना त्यांना? तूच भर."
मी भरला. अक्षर आजोबांचंच, तिरकं.

काल शेवटच्या ठिकाणी हाळी दिली.
खालच्या ओकांतून आधी एक, जाड;
मग पिल्लांचा गलका, एकमेकांवर चढणारा.
तीन? पाच? मोजता येईना.
मानेवरचे केस ताठ झाले,
आमच्या कुत्र्याचे होतात तसे,
आणि मला हसू आलं, एकटीलाच, अंधारात.

वहीत लिहिलं : पाच.
खोडून : किमान पाच.
मग भावाला फोन लावला.
म्हटलं, कुत्री सोड.