उलटी बाजू

सीतलामाता बाजारात, फॉल-पिकोवाल्याच्या वरच्या मजल्यावर
मी रफू करते. सव्वीस वर्षं झाली.
पाटी नाही. जिना अरुंद आहे.
ज्याच्या शालूला उंदीर लागला
तो विचारत विचारत येतोच.

यंदा भाच्यानं, तन्मेषनं, इन्स्टावर खातं काढून दिलं.
म्हणाला, मावशी, आधीचा फोटो, नंतरचा फोटो,
बस्स. लोक वेडे होतात.

आधीचा फोटो छान आला.
मोरपिशी माहेश्वरी, पदराजवळ इस्त्रीनं जळलेली,
रुपयाएवढा डाग, कडा तपकिरी,
डोळा तिथंच जावा असा.
नंतरच्या फोटोत
काही नव्हतं.
साडी होती.
साडीसारखी साडी.

तीन हृदयं आली. एक तन्मेषचं,
एक त्याच्याच दुसऱ्या खात्याचं,
एक जबलपूरच्या कुणा टायरवाल्याचं.
त्यानंच विचारलं, ही दुसरी साडी आहे ना?

आता काय सांगू.
मक्सूदचाचांनी शिकवलं, बंबई बाजारात,
त्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसवून,
तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं :
काम दिखा, तो काम बिगड़ा.

साडीच्याच शिवणीतून उपसलेले धागे,
अकरा तास, मान मोडून,
आणि शाबासकी ही
की कुणाला काही दिसू नये.
दिसण्याच्याच बाजारात हे कसं मांडायचं?

तन्मेषनं एक फिल्टर लावून दाखवला.
बोट फिरवलं आणि डाग गेला.
अडीच सेकंद.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
सॉरी मावशी, म्हणाला.
मग चहा टाकला मी.

त्यानंतर मी नुसती भोकंच टाकायला लागले.
रोज एक, खाली दोन ओळी.
कोटाची बाही. नवरदेव मांडवाच्या खिळ्याला अडकला, घाईत होता.
पश्मिना. कसर. नऊ वर्षं ट्रंकेत, कडुनिंब घालायचा राहिला.
शाळेचा स्वेटर. याचे पैसे घेतले नाहीत. का, ते सांगणार नाही.

लोक थांबायला लागले.
ज्याच्या त्याच्या कपाटात एक असतंच,
ज्याच्यावर ब्रोच लावून
लग्न निभावून नेलेलं असतं.
देवासहून आले, उज्जैनहून आले,
नागपूरहून तर कुरिअर, आत चिठ्ठी :
फोटो टाकू नका, सासूबाई तुम्हाला फॉलो करतात.
जिन्यात चपला साठू लागल्या.
फॉलवाला कुरकुरला, मग त्यानं स्वतःचं कार्ड
माझ्या दाराला चिकटवलं.

रेठरेकरबाईंचा शालू झाला त्या दिवशी
काय वाटलं कोण जाणे, मी उलटी बाजू टाकली.
सुलट्याला काही नाही. उलट्याला सगळं :
धाग्यांची टोकं, आखूड, आडवीतिडवी,
मुंजीच्या घरात एकाच जाजमावर
पाहुणे दाटीवाटीनं झोपावेत तशी.

अकराशे हृदयं.

मोबाईल घेऊन चाचांकडे गेले.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ईदनंतर.
दोन बोटांनी मोठं कसं करायचं ते दाखवलं.
त्यांना ते भारी आवडलं.
करत राहिले. कापडाची चटई झाली,
चटईची खाट झाली,
सुतळ्यांसारखे धागे, एकेक मोजता येईल असा.
अकराशेचा आकडा मी दोनदा सांगितला.
बोट थांबलं.
यहाँ, म्हणाले. ये ऊपर से गया है.
नीचे से जाना था.

घरी येऊन मी फोटो काढून टाकला नाही.
असू दे.
रेठरेकरबाईंना मात्र फोन केला,
शालू परत आणा, पैसे पडणार नाहीत.
अहो पण, त्या म्हणाल्या,
मी खिडकीपाशी नेऊन बघितलं,
मला तर काहीच दिसत नाही.

म्हटलं, हो.
घेऊन या.