गिरणीच्या वरची खोली

गुरुवारी धायरीत लाइट जाते, गिरणी बंद असते.
कुणालाही वाटेल, भेटायला तोच दिवस बरा.
आम्ही बुधवारी भेटतो.
खाली ज्वारी दळत असते,
वर फरशी थरथरते,
आणि सतरंजीवरची बाळं
एकामागून एक झोपून जातात.

पहिल्या दिवशी मी दारातच उभी.
पर्समध्ये पावडरच्या दुधाची बाटली,
नॅपकिनात गुंडाळलेली, चोरीच्या मालासारखी.
एकोणिसावा दिवस. उजवीकडे चीर, डावीकडे गाठ.
घरी अळिवाची खीर, शतावरी,
आणि मावससासूचं, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."
नवरा चांगला. व्हिडिओ बघून मला शिकवायचा.

हसीनानं बाटली पाहिली.
सरकून जागा केली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"माझ्या लेकीला दीड महिना वरचंच होतं.
आता बघ, चावते."

कालिंदी पीएमपीत कंडक्टर.
डेपोत तिकिटांची मशिनं चार्जिंगला लावतात
त्या खोलीत ती दूध काढते, वीस मिनिटांत.
बाहेर ड्रायव्हर उगाच खोकत पहारा देतो.
तिनं माझा खांदा खाली दाबला.
"किती वाकशील? त्याला येऊ दे तुझ्याकडं.
स्टॉप कधी बसमागं पळतो का?"

पाठ भिंतीला टेकली.
मांडीवर उशी, उशीवर तो.
दोनदा सुटला.
तिसऱ्यांदा धरलं. दुखलं.
मग जरा कमी दुखलं.
आणि गिरणीच्या एवढ्या घरघरीत
त्याच्या घशातला गुटूक
खोलीतल्या सगळ्या जणींना ऐकू आला.

म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नाही.
रात्रीची बाटली पुढं दोन महिने होतीच.
सावनीला तर पान्हा टिकलाच नाही.
तीही येते अजून.
तिची बाटली सतरंजीच्या मधोमध असते,
उघडी, चहाच्या थर्मासशेजारी.

परवा रात्री पावणेतीनला फोन आला, अनोळखी नंबर.
आधी फक्त बाळाचं रडणं.
मग त्यात आईचं मिसळलं.
माझा लेक शेजारी गाढ झोपलेला,
आणि माझा कुर्ता ओला.
म्हटलं, रडून घे, मी आहे.
ती विचारत होती, काय आणू, फी किती, फाइल लागेल का.
बुधवारी ये, म्हटलं, अकराला.
गिरणीच्या बाजूनं जिना आहे, कठडा नाही, जपून.
आणि काळा ड्रेस घालू नकोस,
पीठ उडतं.