चाळीस ताव

सुपडू जासूद अंजनीच्या उतारावर घोडं पाजत होता.
तिथूनच ओरडला, तह व्हयना!
मग दम घेऊन:
चाळीस ताव पाहिजेत, घोटीव,
शुक्रवारच्या आत.

अब्बांनी हात पुसले नाहीत.
हौदात लगदा होता, हिवाळ्यापासून मुरलेला,
ताग थोडा, चिंध्याच जास्त.
गिरणाकाठच्या लढाईनंतर
एरंडोलात चिंध्या फार स्वस्त झाल्या होत्या.

गोण्या आल्या तेव्हा आम्ही बायका उसवायला बसलो:
बंद, कसे, गाठी, एखादा ताईत.
डाग चुन्यावर सोडायचे.
कोण कुणाकडचा, हे कापडाला विचारत नसतात.
एका बंडीच्या काखेत निळ्या दोऱ्याची शिवण होती,
उलटी टीप, घाईतली,
माझ्या हातची.
शमसूची बंडी.
मी ती बाजूला ठेवली नाही.
ठेवली असती तर अम्मीला सापडली असती.

ढेकीवर तीन दिवस मीच पाय दिला.

शामियाना नदीपलीकडे.
दोन्हीकडचे वकील, दोन्हीकडची अत्तरं.
अब्बा गठ्ठा घेऊन दुपारपर्यंत उन्हात उभे.
चिटणीस एकेक ताव सूर्याला धरून बघत होता.
एकोणचाळीस चालले.
एकात निळा धागा निघाला, केसाएवढा.
हा नको, म्हणाला,
उद्या कुणी म्हणेल मजकुरात खाडाखोड आहे.

बाकीच्यांवर कलमं उतरली,
इकडे मोडी, तिकडे फारसी:
कुठला परगणा कुणाचा,
कुठल्या उतारावर जकात कुणी घ्यायची,
हत्ती किती परत,
आणि मग दोस्ती, चंद्रसूर्य असेतो.
अब्बांना वाचता येत नाही,
पण कागद शाई कशी पितो ते त्यांना लांबूनही कळतं.
चांगली प्यायला, एवढंच म्हणाले घरी येऊन.

चाळिसावा ताव परत आला.
अम्मीने उलटसुलट करून पाहिला.
यात काय वाईट आहे?
काही नाही, म्हटलं.
तिने तो कोनाड्यात अंथरला
आणि वर दिवा ठेवला.

तावांचे पैसे अजून यायचेत.
पोळ्याआधीच सुपडू पुन्हा दारात,
या वेळी घोड्यावरून उतरलाही नाही.
साठ ताव, म्हणाला, साधे चालतील,
फर्मानं लिहायचीत, घाई आहे.
अब्बा म्हणाले, हौद रिकामा आहे, माल कुठाय?
सुपडूने लगाम ओढला,
आमच्याकडे न बघता म्हणाला,
चिंध्यांची काळजी करू नका.