पोचपावती

एकोणतीस वर्षं टपाल वाटलं गिरगावात.
फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट.
पत्ते लावताना वाटायचं
अख्खं शिवारच खांद्याला अडकवून
चार-चार जिने चढतोय.

मुगभाटात मूग नाही.
असलेच तर मालिनीबाई कोठाऱ्यांच्या पातेल्यात,
भिजत घातलेले.

एका आश्विनात, दसऱ्याच्या तोंडावर,
कापडात शिवलेलं पार्सल आलं.
बाबली सोनू घाडी, खोली चौदा, केळेवाडी.
चाळ पाडून सहा महिने झाले होते.
निळ्या पत्र्याला खोली चौदा कुठली?
पाठवणाऱ्याचा पत्ता पाण्यानं पुसलेला,
नुसतं ‘मु. पो.’ शिल्लक.

शिवण उसवली होती. आत भाताच्या लोंब्या,
नव्याच्या, दाराला बांधायच्या.
पार्सल गेलं बेवारस टपालात.
सांडलेले दाणे राहिले माझ्या थैलीत.
थैली सरकारी, कॅनव्हासची, बुडाशी कायम ओली.
पाचव्या दिवशी विजेच्या बिलांखालून
हिरवं काहीतरी बोटाला लागलं.

पोस्टमास्तर म्हणाले, अर्ज भरा.
थैली खराब होण्याचं कारण?
मी लिहिलं : उगवण.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
खोडलं,
‘दमटपणा’ लिहिलं.

त्या रात्री जेवताना हात थांबला.
हा भात कुणी पाठवला?
वर नाव नाही, गाव नाही,
पुसलेलं ‘मु. पो.’सुद्धा नाही.
दिवसातून दोनदा येतं हे टपाल,
संपात, सुट्टीत, दंगलीत,
समुद्रापासून डोंगरापर्यंत दारोदार.
(काही दारं चुकतात. माझ्या बीटातली मला माहीत आहेत.)
आणि पोचपावतीवर
कुणाचाच अंगठा उठत नाही.
मीही तोवर नुसता ढेकर दिला होता.

रोपं मालिनीबाईंनी मागून घेतली.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, खिडकीचे गज,
सकाळी तांब्याभर पाणी
आणि दिवसभर कबुतरांना शिव्या.
मी पत्र द्यायला गेलो की आधी डबा दाखवायच्या,
मग सही.
माघात एक लोंबी धरली.
पदरात घेऊन दाणे मोजले त्यांनी : एक्केचाळीस.
त्यातले सतरा पोचट.
“एवढ्यात माझी चिमणीही जेवायची नाही,” म्हणाल्या,
“आणि एवढ्यासाठी मी चार महिने माहेरी गेले नाही.”

चोवीस दाणे त्यांनी मला दिले.
मी पाकिटात घातले, डिंक लावला, तिकीट चिकटवलं.
वर लिहिलं : मु. पो.
पुढे पेन चालेना.

आता निवृत्त होऊनही सात वर्षं झाली.
पाकीट कपाटात आहे, पासबुकाखाली.
कधी पासबुक काढताना हलतं,
खुळखुळतं.
बायको आतून विचारते, काय आहे हो?
मी म्हणतो, टपाल.
वाटायचं राहिलंय.