सेकंडचा माल

लॅपटॉपवर सियागंजचं खातं मावत नाही.
जिरं, धने, हळकुंडं डाव्या टोकाला,
बाकी पार उजव्या.
सरकत सरकत तिथवर पोचते
तोवर कोणाची बाकी तेच विसरते.
मानेला पट्टा लावताना डॉक्टर म्हणाले,
पडदा नजरेसमोर ठेवा.
ठेवला, दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांवर.
मान सुखावली, खांदे रुसले.

साडेपाच हजार बाजूला काढले.
बँकेतच होते, पण मनाने
गव्हाच्या कोठीत खाली दडवलेले.

जेल रोडला शेजारचा इंद्रनील सोबत आला.
वाटभर शिकवत होता:
काकू, इंचांना भुलू नका,
मागे वळवून आधी पिन बघा.
स्वस्तात नुसती निळी पिन देतात,
तुमच्या लॅपटॉपला ती जागाच नाही.
आणि भाव करायचा तर हिंदीत करा,
मराठीत तुम्ही लगेच हो म्हणता.

दुकानात भिंतभर पडदे,
चोवीस इंची, सत्तावीस इंची,
एक तर कमानीसारखा वाकवलेला,
आणि सगळ्यांवर एकच पोपट.
इतका हिरवा पोपट मी
पोपटांतही पाहिला नाही.
म्हटलं, भैया, हमको पंछी नहीं देखना,
कोरा सफेद पन्ना लगाओ,
और नीचे बारीक अक्षर.
पारस नावाचा तो मुलगा हसला,
आंटी, पहली बार किसी ने सफेद माँगा.

पांढऱ्यावर सगळं उघडं पडतं.
एक कडेला पिवळट, एक निळसर आजारी,
एकात माझाच चेहरा, मागे ट्यूबलाइट.
कोपऱ्यात खोक्याशिवाय एक बावीस इंची होता.
त्याचं पांढरं खरंच पांढरं,
अक्षर न् अक्षर सुटं,
मागे दोन्ही पिना.
एकावन्नशे.
इतका स्वस्त का?
पारसने बोट ठेवलं, उजवीकडे, जरा खाली:
खसखशीच्या दाण्याहून बारीक काळा ठिपका.
घर जाके मत बोलना, बताया नहीं था.
इंद्रनीलने माझी बाही ओढली. नको, काकू.

बाबा मिलमध्ये घडी खात्यात होते.
दिव्यावरून थान सरकायचं,
ते बघत उभे, आठ तास.
तुटला धागा दिसला की लाल खडूची फुली,
ते थान सेकंडमध्ये, कामगारांना वजनावर.
आम्ही तिघी बहिणी सेकंडमध्येच वाढलो.
आई कापड अंथरून आधी फुल्या शोधायची,
मग त्या बेताने कात्री चालवायची
की फुली नेमकी शिवणीत जावी.
एकदाच चुकली.
माझ्या पाठीवर, निळ्या फ्रॉकवर,
वर्षभर लाल फुली;
धुऊन गेली असेल, पण मला ती लागायची.

अडतालीस सौ, मी म्हटलं. हिंदीत.
पाच हजारांना सुटला. केबल फुकट.

आता बाकी दिसते आणि नावही,
एकाच नजरेत, मान न हलवता.
पहिल्या आठवड्यात मात्र
एका धनेवाल्याचे चार हजार दोनशे पन्नास
मला बेचाळीस रुपये पन्नास पैसे दिसले.
तासभर फरक शोधला,
त्याला फोनसुद्धा केला.
तो म्हणाला, बाई, इतकं स्वस्त धनं
कुठल्या सालात?
मग ठिपका कळला.
तरी एकदा पदराने पुसून पाहिला.

रकान्याची कड धरली,
केसभर उजवीकडे ओढली,
अजून थोडी.
ठिपका रेघेत गेला.