फितीखालची कोकरं

वाघरीत सतरा कोकरं.
सगळ्यांत धाकटं काल तिन्हीसांजेचं,
अजून स्वतःच्याच पायांना परकं.
थोरली मेंढरं घेऊन धुळाप्पा गेलाय
दूधगंगेच्या कडेकडेनं,
आणि मी इथं, तोडणी झालेल्या फडात,
मान वर करून.

दिवसभर आभाळाकडं बघणारीला
लोक खुळी म्हणतात.
माझं कामच ते.

सासू सांगायची :
वार लगोलग पुरायची, हातभर खोल, वर दगड.
घार आधी वार न्यायला येते,
मग वाट सवयीची होते.
कावळ्याला कमी लेखू नको,
तो उचलत नाही, डोळा फोडतो.
आणि सावली बघ, पाखरू नको बघू.
पाखरू दिसेस्तोवर कोकरू गेलेलं असतं.

गेल्या साली नणंदेचं एक गेलं. गरुडानं नेलं.
दोन दिवसांचं, कपाळावर पांढरा चांद.
ती गोफण फिरवेपर्यंत
ते उसाच्या शेंड्यांवरनं ओरडत गेलं,
मग ओरडणं थांबलं.
ते थांबणं ती अजून सांगते.

म्हणून यंदा मी फीत बांधली.
कागलच्या बाजारात चकाकत्या चकत्या मिळतात,
पण ट्रंकेत मामंजींची कॅसेट होती,
पट्टणकोडोलीच्या जत्रेत कुणीतरी भरून दिलेली.
एका बाजूला ओव्या,
दुसऱ्या बाजूला ढोल, खोकला, पुन्हा ओव्या.
टेप उंदरांनी कुरतडला, त्याला आठ वर्षं झाली.

दातानं कड काढली आणि ओढत गेले,
या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत, उलटसुलट,
मामंजी संपेचनात.

वारं सुटलं की ती भुणभुणते.
शब्द नाहीत, चाल नाही,
गांधीलमाशी आणि लांबचा ढोल
यांच्या मधलं काहीतरी.
धुळाप्पा संध्याकाळी आला, वाकून आत शिरला,
बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.
मग म्हणाला,
"ताण दे जरा. मधी ढिली पडलीया."

घार येते अजून.
कारखान्याच्या धुराड्याच्याही वर गिरक्या घेते.
तिचीही असतील कुठल्या चिंचेवर, चोच वासून.
मी शिव्या देत नाही तिला,
फक्त मधोमध उभी राहते,
लाल लुगड्यात,
इथं माणूस आहे हे कळावं म्हणून.

आज दुपारी धाकट्याच्या गळ्यात फीत अडकली.
धडपडलं, गुरफटलं, जीभ बाहेर.
लोकरीची कातर हाताशी होती,
कचकन तोडली.
कुठली ओवी तुटली, ठाऊक नाही.
खोकलाच असू दे.

ते उठलं, शेपूट झटकलं,
माझं बोट चोखायला लागलं.
एका हातानं गाठ कशी मारायची,
दातांनी मारली.

तेवढ्यात जमिनीवरनं काहीतरी काळं सरकलं.
मी मोजलं. सतरा.
वर बघितलं.
पुन्हा मोजलं.